श्वासात मिसळलेले चुंबकत्व

खेड तालुक्यातील निघोजे हे गाव आता चाकण औद्योगिक क्षेत्राचा भाग म्हणून ओळखले जाते. तेथपासून भोसरी आणि पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग ओतण्याची, घासण्याची, वेल्डिंगची आणि रंगाची जी कामे पाळ्यांमध्ये अहोरात्र चालतात, त्यांतील जवळजवळ प्रत्येक काम हवेत काही ना काही सोडत असते. फाउंड्रीतील वाळूच्या साच्यांतून सिलिकाची धूळ उडते, वेल्डिंगमधून धातूंच्या ऑक्साइडांचा धूर निघतो, ग्राइंडिंगमधून डोळ्यांना न दिसणारे कण बाहेर पडतात, काही रंगांच्या फवाऱ्यातून आयसोसायनेटे येतात, आणि कामगाराच्या फुप्फुसाची या सर्वांशी वर्षानुवर्षे गाठ पडते. कारखाने अधिनियम, १९४८ ने सिलिकोसिसला तिसऱ्या अनुसूचीत घालून त्याची खबर सरकारला देणे बंधनकारक केले होते, त्यावरून हा प्रश्न कायद्याच्याही जुन्या परिचयाचा आहे हे दिसते. परंतु धुळीने श्वासाची वाट नेमकी कोठे आणि किती अडवली आहे, हे जिवंत माणसाच्या छातीत प्रत्यक्ष पाहण्याचे साधन वैद्यकाला फार उशिरा मिळाले. अतिध्रुवित वायू हुंगवून केले जाणारे एमआरआय हे अशा साधनांपैकी सर्वांत विलक्षण आहे, कारण त्यात फुप्फुसाच्या भिंतींऐवजी फुप्फुसात शिरलेल्या हवेचेच चित्र निघते.

कारखान्यातील वार्षिक तपासणीत सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री, म्हणजेच नळीत जोराने फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हे मोजणे. ही चाचणी स्वस्त आहे, कोठेही नेता येते आणि तिचे महत्त्व कधीही कमी होणार नाही, पण ती दोन्ही फुप्फुसांचा मिळून एकच आकडा देते. दोन मिलिमीटरांपेक्षा कमी व्यासाच्या ज्या असंख्य श्वासनलिका फुप्फुसाच्या कडांपर्यंत पसरलेल्या असतात, त्यांचा हवेला होणाऱ्या एकूण अवरोधातील वाटा इतका लहान असतो की त्यांपैकी बऱ्याच बंद पडल्या तरी फुंकण्याच्या आकड्यात फारसा फरक दिसत नाही, आणि म्हणूनच श्वसनशास्त्रात या भागाला फुप्फुसाचा मूक प्रदेश म्हणण्याची प्रथा पडली. पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात असे दाखवून दिले होते की जगातील दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार, म्हणजे सीओपीडी, हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग नसून चुलीचा धूर, कामाच्या जागेची धूळ आणि बालपणातील छातीचे विकार हीदेखील त्याची मोठी कारणे आहेत; आणि धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या या रोगात वायुकोशांच्या नाशापेक्षा लहान श्वासनलिकांचे विकार अधिक आढळतात, असे त्यानंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. औद्योगिक पट्ट्यातील कित्येक घरांत आईचे फुप्फुस चुलीपुढे झिजलेले असते आणि मुलाचे फाउंड्रीत झिजत असते, आणि दोघांचीही झीज नेमकी त्याच मूक प्रदेशात सुरू होते.

क्ष-किरण चित्रातून आणि सीटी स्कॅनमधून फुप्फुसाची रचना दिसते, सीटीमध्ये तर अतिशय बारकाईने दिसते, पण रचना शाबूत असूनही हवा एखाद्या भागात पोहोचत नाही असे घडू शकते, आणि आयनीकारक किरणांच्या मात्रेमुळे निरोगी कामगाराचे सीटी दरवर्षी काढणे कोणताही विचारी डॉक्टर टाळतो. एमआरआयमध्ये असे किरण नसतात. तरीही फुप्फुस हा एमआरआयचा अनेक वर्षांचा दुबळा विषय राहिला, कारण नेहमीचे एमआरआय शरीरातील पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजन अणुकेंद्रांकडून, म्हणजे प्रोटॉनांकडून, संकेत मिळवते, आणि फुप्फुस हा तर मुख्यतः हवेने भरलेला अवयव आहे. जे थोडे ऊतक असते तेही कोट्यवधी वायुकोशांच्या पातळ पडद्यांत विखुरलेले असते, व हवा आणि ऊतक यांच्या प्रत्येक सीमेवर चुंबकीय क्षेत्र किंचित वाकडे झाल्यामुळे मिळणारा संकेत एक-दोन मिलिसेकंदांत विझून जातो. मेंदू आणि गुडघा लख्ख दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर फुप्फुस काळेच दिसते.

यावरचा पहिला सुचणारा उपाय म्हणजे श्वासातून असा वायू द्यावा की ज्याच्या अणुकेंद्राला स्वतःचे चुंबकत्व आहे, आणि त्याचाच संकेत ऐकावा. वाहनांच्या वातानुकूलन यंत्रणेचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत सांधा कोठे गळतो हे शोधण्यासाठी त्या भागात हेलियम भरतात आणि तो बाहेर कोठे डोकावतो ते पाहतात. येथे प्रश्न उलटा असून वायू कोठे पोहोचत नाही ते पाहायचे असते, पण जो पदार्थ वाहतो त्यालाच साक्षीदार करायचे ही युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे. अडचण संख्येची आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले प्रत्येक प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने किंवा त्याच्या विरुद्ध दिशेने उभे राहू शकते, आणि शरीराच्या तापमानाला उष्णतेची धडपड एवढी मोठी असते की १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्रातही दोन्ही बाजूंची संख्या जवळजवळ समसमान राहते. दहा लाख प्रोटॉनांमागे सुमारे पाचांचे आधिक्य एका बाजूला उरते, आणि एमआरआयचे प्रत्येक चित्र या पाचांच्या जोरावर निघते. या आधिक्याच्या प्रमाणालाच ध्रुवण म्हणतात. पाण्यात प्रोटॉनांची दाटी इतकी असते की दहा लाखांत पाच एवढे ध्रुवणही पुरते. वायूत मात्र अणूंची दाटी पाण्यातील प्रोटॉनांच्या दाटीच्या जेमतेम अडीच-तीन हजारांश असते, यासाठी वापरल्या जाणाऱ्या झेनॉन वायूच्या झेनॉन-१२९ या समस्थानिकाच्या अणुकेंद्राचे चुंबकत्व प्रोटॉनाच्या चतुर्थांशाहून थोडेच अधिक असते, आणि त्याचे औष्णिक ध्रुवण दहा लाखांत दीडच्याही खाली जाते. अशा वायूचा संकेत यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातो.

दाटी वाढवणे शक्य नाही, कारण माणसाला श्वास वातावरणाच्या दाबाखालीच घ्यायचा असतो. वाढवता येण्यासारखी राशी एकच उरते आणि ती म्हणजे ध्रुवण. ते नैसर्गिक मर्यादेच्या लाखपट वाढवलेल्या वायूला अतिध्रुवित वायू म्हणतात. चांगल्या उपकरणातून बाहेर पडणाऱ्या झेनॉनमध्ये ते दहा लाखांत दीडवरून शंभरात वीस ते चाळीसपर्यंत पोहोचलेले असते.

हे घडवण्याची रीत वैद्यकातून आलेली नाही. तिचा उगम अणूंवरील प्रकाशाच्या परिणामाचा अभ्यास करणाऱ्या भौतिकशास्त्रात आहे. पॅरिसमधील आल्फ्रेड कास्टलर यांनी १९५० मध्ये असे सुचवले की योग्य प्रकारे ध्रुवित केलेला प्रकाश अणूंवर टाकला तर प्रकाशातील कोनीय संवेग इलेक्ट्रॉनांकडे जाऊन सर्व इलेक्ट्रॉनांची परिवलने, म्हणजे त्यांच्या अंगभूत चुंबकत्वाच्या दिशा, एकाच बाजूला वळवता येतील. या प्रकाशीय पंपनासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. झेनॉन स्वतः दृश्य प्रकाशाला दाद देत नाही, म्हणून मध्ये रुबिडियम या अल्क धातूची योजना करतात. रुबिडियम सुमारे ३९ अंश सेल्सिअसला वितळतो आणि काचेच्या पात्रात शंभर अंशांच्या वर तापवल्यावर त्याची विरळ वाफ तयार होते; तिच्यावर ७९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा वर्तुळ-ध्रुवित लेसर प्रकाश टाकला की रुबिडियमच्या बाह्यतम इलेक्ट्रॉनांची परिवलने जवळजवळ एकदिश होतात. उत्तेजित झालेल्या अणूने परत प्रकाश बाहेर टाकला तर तो कोणत्याही दिशेचा व कसाही ध्रुवित असतो आणि शेजारच्या अणूंची शिस्त मोडतो, म्हणून मिश्रणात थोडा नायट्रोजन घातलेला असतो, जो टकरीतून ती ऊर्जा निमूटपणे शोषून घेतो.

यानंतरचा टप्पा या संपूर्ण तंत्रातील सर्वांत सुंदर टप्पा आहे. एकदिश झालेला रुबिडियमचा अणू झेनॉनच्या अणूला धडकतो, किंवा तिसऱ्या अणूच्या मदतीने त्याच्याशी क्षणभर सैलसर जोडी बांधतो, आणि तेवढ्या वेळात रुबिडियमच्या इलेक्ट्रॉनाचा तरंग झेनॉनच्या अणुकेंद्रापर्यंत पोहोचून दोघांमध्ये परिवलनाची अदलाबदल होते. इलेक्ट्रॉन आपली दिशा अणुकेंद्राला देतो आणि लेसर त्या इलेक्ट्रॉनाला पुन्हा शिस्तीत आणतो. इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्र यांच्या चुंबकत्वांमधील ज्या परस्परक्रियेवर ही अदलाबदल उभी आहे, तिला अतिसूक्ष्म परस्परक्रिया म्हणतात. निघोज्याजवळून जाणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गाने उत्तरेकडे गेल्यावर नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी आहे, ती अवकाशातील हायड्रोजनचा २१ सेंटीमीटर लांबीचा जो रेडिओतरंग टिपते, तोही याच परस्परक्रियेतून जन्मतो. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनाचे परिवलन प्रोटॉनाच्या सापेक्ष उलटले की तो तरंग बाहेर पडतो. दूरच्या दीर्घिकांतील वायू मोजण्याचे आणि माणसाच्या छातीतील वायू पाहण्याचे शास्त्र मुळाशी इतके जवळचे असावे, ही गोष्ट या विषयाच्या कोणत्याही वाचकाने थोडे थांबून अनुभवावी अशी आहे.

रुबिडियमच्या एका अणूकडून पुढच्या झेनॉनकडे अशी अदलाबदल होत राहते आणि काही मिनिटांत पात्रातील झेनॉनचा मोठा हिस्सा एकदिश होतो. प्रवाही पद्धतीच्या उपकरणात मिश्रणातील झेनॉनचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास ठेवून बाकीचा भाग मुख्यतः हेलियमचा असतो, आणि पात्रातून बाहेर येणारे मिश्रण द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या नळीतून नेतात. हेलियम व नायट्रोजन पुढे निघून जातात आणि उणे ११२ अंशांच्या खाली गोठणारा झेनॉन बर्फासारखा तेथेच साठतो. पुणे जिल्ह्याला द्रव नायट्रोजनची हाताळणी नवी नाही, उरुळी कांचन येथील बाएफ या संस्थेच्या केंद्रातून जनावरांच्या गोठवलेल्या रेतमात्रा याच द्रवाच्या पात्रांतून दशकानुदशके गावोगाव गेल्या आहेत. झेनॉनच्या बाबतीत मात्र गोठलेला पदार्थ सतत प्रबळ चुंबकीय क्षेत्रातही ठेवावा लागतो. पुरेसा साठा झाला की तो वितळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतात. रुबिडियम थंड होताच पात्राच्या व नळीच्या भिंतींवर बसून मागे राहतो, त्यामुळे रुग्णाच्या श्वासात फक्त निष्क्रिय वायू जातो.

येथून पुढे या तंत्राचे सर्व नियम एका गोष्टीतून निघतात, आणि ती म्हणजे हे चुंबकत्व नाशवंत आहे. बहुतेक औषधे कुपीत महिनोन्महिने राहतात, गॅडोलिनियमयुक्त नेहमीचे कॉन्ट्रास्ट द्रव्यही राहते, पण ध्रुवण ही वायूची तात्पुरती अवस्था असून ती प्रत्येक क्षणी ओसरत असते. गोठलेल्या झेनॉनमध्ये ती काही तास टिकते, पिशवीतील वायूत तासाभराच्या आसपास आणि फुप्फुसात गेल्यावर, तेथील ऑक्सिजनचे रेणू स्वतःच चुंबकीय असल्यामुळे, जेमतेम वीस-तीस सेकंद. क्षेत्र जागोजागी बदलत असेल तर ऱ्हास आणखी वेगाने होतो, म्हणून पिशवी नेण्याची वाट आणि त्या वाटेवरील लोखंड यांचाही विचार करावा लागतो. परिणामी ध्रुवण करणारे उपकरण स्कॅनरच्या शेजारच्या खोलीत असावे लागते. औषध कंपनीच्या गोदामातून ते मागवता येत नाही.

चित्र काढण्याची पद्धतही याच नाशवंतपणाने ठरते. नेहमीच्या एमआरआयमध्ये रेडिओ स्पंद देऊन प्रोटॉनांना कलते केले की ते सेकंदाभरात आपोआप पूर्वस्थितीला येतात आणि पुढचा स्पंद देता येतो, त्यामुळे यंत्र हवा तितका वेळ संकेत गोळा करू शकते. अतिध्रुवित झेनॉनला परत येण्यासारखी पूर्वस्थितीच नसते. सोडून दिल्यास तो दहा लाखांत दीड या कंगाल पातळीलाच जातो. प्रत्येक स्पंद शिलकीतील काही हिस्सा कायमचा खर्च करतो, आणि म्हणून स्पंद अगदी लहान कोनाचे देऊन संपूर्ण फुप्फुसाचे चित्र एका रोखलेल्या श्वासात, दहा-पंधरा सेकंदांत, पुरे करावे लागते. रुग्ण पाठीवर झोपतो, छातीभोवती झेनॉनच्या वारंवारतेला जुळवलेले जाकीट असते, पिशवीतील साधारण अर्धा ते एक लिटर वायू तो आत ओढतो आणि श्वास धरतो. झेनॉन मोठ्या प्रमाणात दिल्यास भूल देणारा वायू आहे, १९५१ पासून तो शस्त्रक्रियेत तसा वापरला गेलेला आहे, पण एका श्वासाने बहुतेकांना क्षणभर हलकी गरगर जाणवते आणि ती लगेच ओसरते.

या कल्पनेचे पहिले जैविक चित्र १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. स्टोनी ब्रूक येथील मिचेल अल्बर्ट आणि प्रिन्स्टन येथील विल्यम हॅपर, गॉर्डन केट्स व त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या काढलेल्या फुप्फुसात लेसर-ध्रुवित झेनॉन भरून ते काढले होते, आणि त्यानंतर दोनच वर्षांत अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात व जर्मनीतील माइन्झ येथे माणसाच्या फुप्फुसाची चित्रे निघाली. ती मात्र हेलियम-३ या हेलियमच्या समस्थानिकाची होती.

हेलियमच्या शोधाशी मराठी मुलखाचे जुने नाते आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी गुंटूर येथे पिएर जान्सन यांनी आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील, पुढे हेलियमची ठरलेली, पिवळसर रेषा सोडियमची नाही, हे नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून ताडले, आणि हेच लॉकयर १८९८ च्या जानेवारीत दुसऱ्या ग्रहणासाठी विजयदुर्गावर तळ ठोकून होते. विजयदुर्गावर आजही १८ ऑगस्टला हेलियमचे स्मरण केले जाते. १८९८ हेच झेनॉनचे शोधवर्ष आहे. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या उरलेल्या अंशातून तो वेगळा केला.

हेलियम-३ चे अणुकेंद्र अधिक चुंबकीय असल्यामुळे त्याची चित्रे प्रारंभी अधिक स्पष्ट निघत, आणि पहिली दहा-बारा वर्षे संशोधनाचा भर त्याच्यावरच होता. पण हे समस्थानिक निसर्गात नगण्य आहे आणि बाजारात येणारे जवळजवळ सगळे अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून मिळते. २००१ नंतर अमेरिकेने बंदरांवर व सीमांवर अणुसामग्री शोधणारे न्यूट्रॉन-शोधक बसवण्याचा सपाटा लावला, त्यांत हेलियम-३ भरपूर खर्च झाले, आणि २००९ च्या सुमारास साठा इतका घटला की फुप्फुसाच्या चित्रांसाठी ते मिळणे दुरापास्त झाले. संशोधक झेनॉनकडे वळले ते या टंचाईने. त्या सक्तीतून शास्त्राचा लाभच झाला असे म्हटले पाहिजे, कारण हेलियम फुप्फुसाच्या पोकळीतच राहतो, तर झेनॉन पडदा ओलांडतो.

झेनॉनचा इलेक्ट्रॉनमेघ मोठा आणि सहज दबणारा असतो. तो ऊतकात आणि रक्तात विरघळतो, आणि भोवतालचे रेणू बदलले की त्या मेघात फरक पडून त्याच्या अणुकेंद्राची वारंवारताही सरकते. रासायनिक परिसरामुळे वारंवारता सरकण्याच्या या घटनेचे पहिले लख्ख दर्शन १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड यांनी घडवले होते, जेव्हा त्यांनी इथाइल अल्कोहोलमधील तीन निराळ्या जागांवरच्या हायड्रोजनांचे तीन निराळे संकेत दाखवले. त्यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊन भारतातील अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या संशोधनाचा पाया घातला. अल्कोहोलमध्ये हा फरक दहा लाखांत काही भाग एवढाच असतो. झेनॉनमध्ये वायूच्या तुलनेत पडद्यात विरघळलेल्या अणूंची वारंवारता दहा लाखांत सुमारे १९७ भागांनी आणि तांबड्या पेशीत शिरलेल्यांची सुमारे २१७ भागांनी सरकते, म्हणजे तिन्ही ठिकाणचा झेनॉन यंत्राला स्पष्टपणे वेगवेगळा ऐकू येतो.

ऑक्सिजनचा प्रवासही याच मार्गाने, वायुकोशातून पडद्यात आणि पडद्यातून तांबड्या पेशीत, होत असल्यामुळे झेनॉनचे तीन संकेत त्या प्रवासाचे तीन टप्पे मोजून दाखवतात. पडदा जाड झाला तर त्यातील संकेत वाढतो आणि पेशींमधील घटतो, केशवाहिन्यांचे जाळे नष्ट झाले तरी पेशींमधील घटतो, आणि तांबड्या पेशींचा संकेत हृदयाच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होतानाही नोंदला जातो. वायुरूप राहिलेल्या झेनॉनच्या चित्रात जेथे हवा पोहोचली नाही तेथे काळे डाग दिसतात, आणि दम्याच्या ज्या रुग्णाचा फुंकण्याचा आकडा ठाकठीक असतो त्याच्याही चित्रात असे डाग आढळू शकतात. वायू वायुकोशात किती अंतरापर्यंत मुक्तपणे पसरतो हे मोजले तर कोशांच्या भिंती फाटून पोकळ्या मोठ्या झाल्या आहेत काय, हे कळते. हे सर्व किरणांच्या मात्रेविना, काही श्वासांत.

कोविडच्या साथीत या क्षमतेची कसोटी लागली. चीनमधील वुहान येथील गटाने, आणि २०२१ मध्ये ऑक्सफर्ड व शेफील्ड येथील गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसातून रक्ताकडे होणारे वायूचे संक्रमण मंदावलेले आढळले, आणि ऑक्सफर्ड-शेफील्डच्या धाप लागणाऱ्या रुग्णांचे सीटी तर सामान्य किंवा जवळजवळ सामान्य होते. अभ्यास लहान होते, ऑक्सफर्डच्या पहिल्या अभ्यासात केवळ नऊ रुग्ण होते, तरी धाप खरी आहे हे त्या रुग्णांना कोणीतरी मोजून सांगितले, ही बाब लहान नव्हे. २३ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बारा वर्षे व त्यावरील रुग्णांच्या फुप्फुसातील हवेचे वितरण पाहण्यासाठी अतिध्रुवित झेनॉनला मान्यता दिली आणि तीन दशकांचे प्रयोगशाळेतील तंत्र तेथील रुग्णालयांत आले.

चाकणच्या पट्ट्यात हे तंत्र आणायचे म्हटले तर काय लागेल, याचा हिशेब करण्यासारखा आहे. झेनॉन हवेतच असतो, पण सुमारे १ कोटी १५ लाख भागांत एक भाग एवढाच, म्हणजे एक लिटर झेनॉनसाठी साडेअकरा हजार घनमीटर हवा द्रवरूप करून वेगळी करावी लागते. चाकण परिसरात हवा-विलगीकरणाचे प्रकल्प आहेत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पुणे जिल्ह्यातील रुग्णालयांना त्यांच्या द्रव ऑक्सिजनवर तग धरावा लागला होता. मात्र झेनॉन काढणे परवडते ते पोलाद कारखान्यांना रोज हजारो टन ऑक्सिजन पुरवणाऱ्या अवाढव्य प्रकल्पांत, आणि तेथून निघणाऱ्या थोड्याशा झेनॉनसाठी अर्धवाहकांचे कारखाने, उपग्रहांची इंजिने आणि दिवे बनवणारे आधीच रांगेत असतात. महागड्या मोटारींच्या पुढच्या दिव्यांमुळे या वायूचे नाव चाकणच्या कामगाराला परिचयाचे झाले ते याच बाजारातून. त्यातही झेनॉन-१२९ हे समस्थानिक नैसर्गिक झेनॉनात शेकडा २६ इतकेच असल्याने त्याचे प्रमाण वाढवलेला वायू वापरणे हितावह ठरते आणि किंमत आणखी चढते. श्वास सोडल्यावर वायू गोळा करून पुन्हा वापरण्याच्या पद्धतींवर म्हणूनच काम चालू आहे, तर काही गट सल्फर हेक्झाफ्लोराइड व परफ्लुओरोप्रोपेन या फ्लोरीनयुक्त वायूंकडे वळले आहेत, ज्यांना लेसर लागत नाही, पण ज्यांची चित्रे पुष्कळ धूसर असतात.

दुसरी गरज स्कॅनरची. १.५ टेस्ला यंत्र प्रोटॉनांसाठी सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर बोलते, झेनॉनसाठी त्याला १७.७ मेगाहर्ट्झवर बोलता आले पाहिजे, आणि बहुतेक रुग्णालयांनी घेतलेल्या यंत्रांत ही सोय नसते. ती निर्मात्याकडून वेगळी विकत घ्यावी लागते. मुंबईच्या समीर या संस्थेच्या पुढाकाराने घडलेले १.५ टेस्लाचे देशी एमआरआय यंत्र दिल्लीच्या एम्समध्ये चाचणीसाठी बसवण्याचा करार २०२५ मध्ये झाला. अशा यंत्राची रेडिओ प्रणाली देशातच आखलेली असल्याने तिच्यात झेनॉनची वारंवारता घालणे हा परवान्याचा प्रश्न न राहता अभियांत्रिकीचा प्रश्न राहतो, आणि देशी यंत्राच्या पुढील आवृत्त्यांत ही सोय सुरुवातीपासून असावी असा आग्रह श्वसनरोगतज्ज्ञांनी आताच धरला पाहिजे.

तिसरी मर्यादा वेळेची. एका मात्रेचा झेनॉन ध्रुवित करायला अर्ध्या तासाच्या आगेमागे वेळ लागतो, म्हणून एका उपकरणावर दिवसभरात थोडेच रुग्ण होतात, आणि हजारो कामगारांच्या चाळणीसाठी ते कधीच उपयोगी पडणार नाही. ती चाळणी कारखान्याच्या आरोग्यकेंद्रात नळीत फुंकूनच व्हायची. झेनॉनची जागा त्यापुढची आहे, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या किंवा चिंचवडच्या कामगार विमा रुग्णालयासारख्या ठिकाणाहून पाठवलेल्या अशा कामगारासाठी, ज्याने फाउंड्रीत पंधरा-वीस वर्षे काढली आहेत, ज्याचा क्ष-किरण अहवाल आणि फुंकण्याचा आकडा दोन्ही ठीक आहेत, आणि ज्याला तरीही जिना चढताना मध्येच थांबावे लागते.